प्लास्टिक प्रतिकृती वाहनांचे क्रोम भाग

प्लास्टिक प्रतिकृती वाहनांचे क्रोम भाग म्हणजे मोटारगाडी, ट्रक, मोटारसायकल इत्यादी वाहनांच्या जुळणी-संचांत (किट) येणारे, आरशासारखी चकाकी असलेले प्लास्टिकचे सुटे भाग होत. बंपर, रेडिएटरपुढील जाळी, चाकांच्या तबकड्या, हेडलाइटच्या वाट्या, बाहेरचे आरसे, सायलेन्सरच्या नळ्या आणि इंजिनाचे काही भाग या स्वरूपात दिले जातात. नावात ‘क्रोम’ असले तरी या भागांवर क्रोमियम हा धातू सहसा नसतो. त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि तो लॅकरच्या दोन थरांच्या मध्ये असतो. हे भाग चिकटविणे, रंगविणे, त्यांवरील साच्याच्या खुणा काढणे किंवा मुलामा पूर्णपणे उतरविणे या प्रत्येक कामाची पद्धत या रचनेवरूनच ठरते.

पार्श्वभूमी

क्रोम भागांची प्रथा प्रामुख्याने अमेरिकेतील मोटारगाड्यांच्या प्रतिकृतींमुळे रूढ झाली. इ.स. १९५० च्या दशकातील अमेरिकन गाड्यांवर चकाकत्या धातूचा सढळ वापर असे. १९५७ ची शेवरले बेल एअर किंवा उंच शेपटीसारख्या पंखांची १९५९ ची कॅडिलॅक ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. अशा गाडीची प्रतिकृती चंदेरी रंग लावलेल्या बंपरासह केली तर ती निस्तेज दिसते. त्यामुळे विक्रेत्यांच्या दालनांत ठेवण्यासाठी बनविल्या जाणाऱ्या लहान जाहिरात-प्रतिकृतींत आणि पुढे त्यांच्याच साच्यांवर आधारलेल्या जुळणी-संचांत मुलामा दिलेले भाग येऊ लागले.

एएमटी या अमेरिकन कंपनीने १९५८ मध्ये १:२५ प्रमाणातील ‘थ्री-इन-वन’ संच बाजारात आणले. एकाच संचातून मूळ कारखान्यातली, मालकाने हौसेने सजविलेली किंवा शर्यतीची अशा तीन प्रकारांपैकी कोणतीही एक गाडी उभी करता येई. पर्यायी भाग अधिक असल्याने क्रोमचे भागही अधिक असत. रेव्हेल, मोनोग्राम, जो-हान, एमपीसी या अमेरिकन कंपन्यांनी आणि नंतर तामिया आदी जपानी कंपन्यांनीही हीच पद्धत अवलंबिली. योगायोग असा की, एएमटी हे नाव ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’ या शब्दांचे लघुरूप आहे. कंपनीच्या पहिल्या प्रतिकृती ॲल्युमिनियमच्या ओतीव होत्या. प्लास्टिकचा काळ आल्यावर तोच धातू क्रोमचे सोंग घेऊन प्रतिकृतींवर परतला.

मुलाम्याची रचना व निर्मिती

खऱ्या गाडीच्या पोलादी बंपरावर विद्युत् विलेपनाने आधी बहुधा तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोमियमचा पातळ थर चढविला जातो. प्लास्टिक विजेचे वाहक नसल्याने हे विलेपन त्यावर थेट होत नाही. आधुनिक गाड्यांच्या प्लास्टिकच्या जाळ्यांवर खरे क्रोम दिसते ते त्या एबीएस प्लास्टिकच्या असतात म्हणून. एबीएसमधील रबरासारखा घटक रसायनाने कोरून काढला की पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे पडतात आणि धातूला पकड मिळते. प्रतिकृतींचे संच मात्र बहुतांशी पॉलिस्टायरीनचे असतात. या प्लास्टिकमध्ये तसा घटक नसतो, शिवाय ते साधारणपणे ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते. म्हणून त्यासाठी निर्वात धातुलेपन ही पद्धत वापरतात.

या पद्धतीत साच्यातून निघालेले भाग त्यांच्या चौकटीसह (स्प्रू) स्वच्छ करून त्यांवर लॅकरचा तळथर फवारतात आणि तो मंद उष्णतेवर सुकवितात. साध्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या प्लास्टिकवरही सूक्ष्म उंचसखलपणा असतो. तळथर तो भरून काढतो. त्यानंतर चौकटी एका फिरत्या सांगाड्यावर टांगून बंद टाकीतील हवा जवळजवळ पूर्णपणे काढून घेतली जाते. टाकीत टंगस्टनच्या तारांवर ॲल्युमिनियमचे लहान तुकडे अडकविलेले असतात. विजेने तार तापविली की ॲल्युमिनियम वितळून त्याची वाफ होते आणि ती थंड भागांवर जमते. टंगस्टन सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते, म्हणून ही योजना शक्य होते. धातूचा थर इतका पातळ असतो आणि क्रिया इतक्या अल्पकाळात उरकते की, प्लास्टिक वितळण्याइतकी उष्णता त्यापर्यंत पोहोचत नाही. अखेरीस धातूवर पारदर्शक लॅकरचा संरक्षक थर देतात. या थरात पिवळसर छटा मिसळली की तोच भाग सोनेरी दिसतो.

दुर्बिणींचे आरसे याच तत्त्वाने चकाकविले जातात. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची हूकर दुर्बिणीच्या आरशावरील चांदीच्या मुलाम्याऐवजी १९३५ मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा देण्यात आला होता. मात्र दुर्बिणीच्या आरशावरील धातू उघडा असतो, तर खेळण्यातील बंपरावर लॅकरचे आवरण असते.

निर्वातात वाफेचे कण सरळ रेषेत जातात, त्यामुळे तारेच्या समोर न येणाऱ्या खोल कोपऱ्यांत मुलामा विरळ बसतो. सांगाडा फिरता ठेवण्याचे कारण हेच. तरीही सायलेन्सरच्या नळीचे तोंड किंवा जाळीच्या पट्ट्यांमधील खोल भाग पुष्कळदा फिका राहतो.

प्रमाण आणि चकाकी

मुलाम्यामुळे बारकावे बुजतात, अशी तक्रार जुळणीकार सर्रास करतात. ती खरी आहे, पण दोष धातूचा नाही. ॲल्युमिनियमचा थर साधारणपणे ०.१ मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असतो. १:२५ प्रमाणात तो खऱ्या गाडीवरील २.५ मायक्रॉनांएवढा, म्हणजे नगण्य ठरतो. लॅकरचे थर मात्र दहा-वीस मायक्रॉन जाडीचे असू शकतात. २० मायक्रॉनांचा थर त्याच प्रमाणात खऱ्या गाडीवर अर्ध्या मिलिमीटरचा होतो. बंपरावरील बोल्टच्या कडा, जाळीतील अक्षरे, तारांच्या चाकांतील आरे यांचा धारदारपणा त्यात हरवतो. लॅकर ओले असताना खाली ओघळून एका कडेला साचले, तर बुजलेपणा एका बाजूस अधिक दिसतो.

चकाकीबाबतही असाच गैरसमज आढळतो. संचातील क्रोम ‘खेळण्यातले’ वाटते याचे एक कारण असे की, ते खऱ्या क्रोमपेक्षा अधिक चमकते. ॲल्युमिनियम त्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशाचा सुमारे ९० टक्के भाग परावर्तित करते, तर क्रोमियम दोन-तृतीयांशाच्या आसपास. खऱ्या क्रोमला किंचित निळसर, गडद झाक असते. शिवाय खऱ्या गाडीवरील प्रत्येक चकाकता भाग क्रोमचा नसतो. दरवाज्यांवरील पट्ट्या बहुधा स्टेनलेस स्टीलच्या किंवा ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमच्या असत, ट्रकच्या इंधनटाक्या घासून चकाकविलेल्या ॲल्युमिनियमच्या, तर शर्यतीच्या गाड्यांची चाके पुष्कळदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. संचात मात्र हे सर्व एकाच चौकटीवर, एकाच चकाकीचे येते. उत्पादकाच्या दृष्टीने तेच सोयीचे असते.

जुळणीतील अडचणी

पहिली अडचण चिकटविण्याची. पॉलिस्टायरीनचा नेहमीचा गोंद हा खरे पाहता गोंद नसून विद्रावक असतो. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करतो. क्रोम भागावर विद्रावकाची गाठ प्लास्टिकशी न पडता लॅकरशी पडते. सांधा बसल्यासारखा वाटतो, परंतु प्रत्यक्षात लॅकरचा पापुद्राच चिकटलेला असतो आणि काही दिवसांनी बंपर पापुद्र्यासह निघून येतो.

दुसरी अडचण जोडबिंदूंची. मुलामा चौकटीसह दिलेला असल्याने भाग चौकटीपासून कापला की कापल्या जागी उघडे प्लास्टिक दिसते. काही उत्पादक, विशेषतः जपानी, हे जोडबिंदू भागाच्या मागील किंवा खालच्या बाजूस ठेवतात. जुन्या अमेरिकन संचांत ते बंपराच्या दर्शनी कडेवरही असत.

तिसरी अडचण सर्वांत कठीण आहे. साच्याची दोन अंगे जिथे मिळतात तिथे भागावर बारीक रेषा उमटते. साध्या भागावर ती पात्याने खरवडून आणि पॉलिश पेपरने घासून घालविता येते. मुलामा दिलेल्या भागावर ते केले तर मुलामाही जातो. मोटारसायकलींच्या प्रतिकृतींत हा प्रश्न तीव्र होतो, कारण सायलेन्सर पुष्कळदा दोन अर्ध्या भागांत दिलेला असतो. दोन चकाकते अर्धे जोडले की मधोमध सांधा दिसतोच, आणि तो भरून घासल्यावर मूळ मुलामा वाचत नाही. प्रतिकृतींच्या स्पर्धांत उघडे सांधे, साच्याच्या रेषा आणि जोडबिंदूंच्या खुणा हे प्राथमिक दोष मानले जातात. क्रोम भागांवर ते लपतही नाहीत, कारण चकाकत्या पृष्ठभागावरील लहानशी खोच प्रकाशात लगेच उठून दिसते.

मुलामा राखून केलेले काम

भागावरील रेषा दर्शनी नसतील तर मूळ मुलामा राखणे हा बहुधा उत्तम पर्याय ठरतो. इतका एकसारखा आरसा हाताने साधणे अवघड असते. अशा वेळी भाग चौकटीपासून थोडे अंतर राखून कापतात आणि उरलेला खुंट धारदार पात्याने हळूहळू तासतात. कटरने एकदम दाब दिला तर कडेचा मुलामा टवका उडून निघतो. उघड्या जागेवर चंदेरी शाईच्या पेनाने ठिपका दिला जातो. जवळून पाहिल्यास तो ओळखू येतो, पण हातभर अंतरावरून खपून जातो.

चिकटविण्यापूर्वी सांध्याच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आणि त्याखालील लॅकर पात्याने खरवडून प्लास्टिक उघडे करतात. खुंट्या आणि भोके विसरता कामा नयेत. लॅकरच्या जाडीमुळे खुंटी भोकात घट्ट होते आणि जबरदस्तीने बसविताना तुटते. जिथे खरवडणे शक्य नसेल तिथे इपॉक्सी वापरतात. सायनोॲक्रिलेट (फेव्हिक्विकसारखे गोंद) झटपट पकडते, पण त्याची वाफ चकाकत्या पृष्ठभागावर पांढरट बुरशीसारखी बसू शकते. म्हणून ते अगदी थेंबभर आणि मोकळ्या हवेत वापरतात. हेडलाइटच्या काचा बसविण्यासाठी लाकूडकामाचा पांढरा गोंद पुरेसा होतो. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि मुलाम्याला इजा करीत नाही.

जाळीच्या बाबतीत सर्वाधिक फरक काळ्या रंगाने पडतो. खऱ्या जाळीच्या पट्ट्यांमागे अंधार असतो. संचातील जाळीत मात्र पट्ट्यांइतकीच खाचही चकाकते. पातळ केलेला काळा रंग खाचांत सोडून वरच्या पट्ट्या ओलसर कापडाने पुसून घेतल्या की जाळीला खोली येते. चकाकी कमी करावयाची असल्यास भागावर मंद चमकीचा पारदर्शक थर देतात. त्यामुळे तोच मुलामा घासलेल्या ॲल्युमिनियमसारखा दिसतो, आणि चाकांसाठी ही युक्ती फार उपयोगी पडते. तामियाचा ‘स्मोक’ हा धुरकट पारदर्शक रंग पातळ करून दिल्यास चकाकी राहून गडद झाक येते, जी खऱ्या क्रोमच्या अधिक जवळ जाते.

मुलामा उतरविणे

सांधे भरावयाचे असतील, मुलामा डागाळला असेल किंवा मूळ वाहनावर तो भाग चकाकता नसेल, तर मुलामा पूर्ण उतरवितात. हे काम दोन टप्प्यांचे आहे. या टप्प्यांची सरमिसळ झाली की ‘एवढे भिजवूनही काही होत नाही’ अशी स्थिती येते.

पहिल्या टप्प्यात धातू जातो. ॲल्युमिनियम आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, अल्कधर्मी असल्याने ते या कामी येते. वरचे लॅकर जिथे खरवडले गेले असेल किंवा मुळातच विरळ असेल तिथून द्रावण आत शिरते. काही भागांवरील चकाकी काही मिनिटांत नाहीशी होते, तर जाड लॅकर असलेले भाग रात्रभर ठेवावे लागतात. सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक सोडा) असलेली भट्टी साफ करण्याची फवारणीही हेच काम करते. या विक्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. थर पातळ असल्याने त्याचे प्रमाण अल्प असते, तरी भांड्याचे झाकण घट्ट लावू नये.

धातू गेल्यानंतर भाग बहुधा पिवळसर, काचेसारखा दिसतो. हे राहिलेले लॅकर होय. अनेक नवशिके येथेच थांबतात आणि त्यावर रंग देतात. परिणामी बुजलेले बारकावे तसेच राहतात, आणि गोंदही लॅकरवरच बसतो. दुसऱ्या टप्प्यात हे लॅकर काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, अल्कधर्मी तेलकटपणा-नाशक द्रावणे किंवा ग्लायकॉल-इथर असलेले ब्रेक ऑइल वापरतात. सिलिकॉनवर आधारलेल्या ब्रेक ऑइलचा उपयोग होत नाही. जुन्या दातघासणीने हलके घासल्यास लॅकर सोलून येते. निरनिराळ्या उत्पादकांचे लॅकर निरनिराळे असते, त्यामुळे आधी चौकटीचा एक टाकाऊ तुकडा भिजवून पाहतात. ॲसिटोन आणि लॅकर थिनर मात्र पॉलिस्टायरीनच विरघळवितात. त्यात टाकलेला बंपर परत मिळत नाही.

या टप्प्यांत खरा धोका रसायने एकत्र आल्याने निर्माण होतो. ब्लीच आणि शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रावण एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया यांपासून क्लोरामाइन तयार होतात, आणि ब्लीच व अल्कोहोल यांच्या मिश्रणातून क्लोरोफॉर्म उत्पन्न होऊ शकते. म्हणून दोन टप्प्यांमध्ये भाग भरपूर पाण्याने धुणे आणि प्रत्येक द्रावणाला वेगळे भांडे ठेवणे आवश्यक असते. कॉस्टिक सोडा कातडीला भाजतो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टीला कायमची इजा करू शकतो. रबरी हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी यांशिवाय हे काम करू नये. लहान मुलांनी ते मोठ्यांच्या देखरेखीखालीही करणे योग्य नाही. त्यांच्यासाठी मुलामा राखून काम करण्याचीच पद्धत योग्य ठरते.

भिजवण्याच्या भांड्यात बारीक चाळणी ठेवण्याची सवय उपयुक्त असते. आरसे आणि दरवाज्यांच्या मुठी धुताना मोरीतून वाहून जाण्याचे प्रकार नेहमीच घडतात.

पुन्हा चकाकी देणे

मुलामा उतरवून, सांधे पुट्टीने भरून आणि घासून तयार केलेल्या भागाला चकाकी देण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांपैकी कोणताही मूळ मुलाम्याची टिकाऊ चकाकी आणि धारदार बारकावे दोन्ही एकाच वेळी सहज देत नाही.

एअरब्रशने फवारण्याच्या धातुरंगांत ॲलक्लॅड २ हे नाव जुळणीकारांत परिचित आहे. अशा रंगांतील धातूचे कण अतिसूक्ष्म असतात आणि थर अर्धपारदर्शक राहतो, म्हणून त्याखाली काळ्या, अत्यंत चकचकीत रंगाचा तळथर द्यावा लागतो. चकाकीचे यश जवळजवळ संपूर्णपणे या काळ्या थरावर अवलंबून असते. त्यावर धूळ किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असेल, तर वर उमटतो तो करडा रंग, आरसा नव्हे. धातुरंगही अगदी पातळ फवारावा लागतो. अधिक दिल्यास काळेपणाची खोली झाकली जाऊन भाग साधा चंदेरी दिसतो. हवेतील दमटपणामुळे लॅकर रंगांवर पांढुरकेपणा येतो, त्यामुळे मुंबई-कोकणासारख्या प्रदेशांत पावसाळ्यात हे काम पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते.

मोलोटो या जर्मन कंपनीची ‘लिक्विड क्रोम’ ही अल्कोहोलवर आधारलेली शाई पेनाने थेट लावता येते. आरशाच्या कडा, चिन्हे आणि लहान दुरुस्त्या यांसाठी ती सोयीची असते. ती पूर्ण सुकण्यास वेळ लागतो आणि हाताळल्यास मंदावते. वर पारदर्शक थर दिल्यास बहुतेक क्रोम रंगांप्रमाणे तिचीही आरसेपणाची गुणवत्ता घटते.

तिसरा मार्ग चिकट धातुपत्राचा. बेअर-मेटल फॉइल या नावाने मिळणारे पत्र खऱ्या धातूचे असते आणि पाठीमागे गोंद असतो. खिडक्यांभोवतीच्या चौकटी आणि दरवाज्यांवरील पट्ट्या गाडीच्या सांगाड्यातच ओतलेल्या असल्याने संचात त्यांना मुलामा देता येत नाही. तिथे हे पत्र सर्वाधिक वापरले जाते. तुकडा बसवून, कापसाच्या बोळ्याने किंवा टूथपिकने दाबून, नव्या पात्याने कडेकडेने कापतात. जुने पाते पत्र कापत नाही, फाडते. गाडीवरील उठावाच्या अक्षरांसाठी एक निराळी युक्ती आहे. रंग देण्यापूर्वी अक्षरांवर पत्र चिकटवितात, मग सबंध गाडी रंगवितात आणि शेवटी थिनरने किंचित ओलसर केलेल्या कापडाने अक्षरांच्या माथ्यावरचा रंग पुसतात, म्हणजे खालचा धातू उघडा होतो. दोन्ही दिशांनी वळणाऱ्या बंपरावर मात्र पत्राला सुरकुत्या पडतात.

भाग व्यावसायिक कारखान्यात पाठवून त्यांवर पुन्हा निर्वात धातुलेपन करून घेण्याची सोय काही देशांत उपलब्ध आहे. तिथेही तळथर लॅकरचाच असतो. तो सूक्ष्म खडबडीतपणा भरतो, पण पॉलिश पेपरचे ओरखडे झाकत नाही, उलट चकाकीमुळे ते अधिकच उठून दिसतात. त्यामुळे पाठविण्यापूर्वीची घासणी अत्यंत बारीक पेपराने करावी लागते.

जुने संच

दीर्घकाळ साठविलेल्या संचांत मुलामा पिवळसर पडणे, त्यावर डाग उमटणे किंवा तो पापुद्र्यांनी सुटणे असे दोष आढळतात. क्रोमची चौकट वेगळ्या पिशवीत बंद करण्याची उत्पादकांची पद्धत प्रवासातील घर्षणापासून संरक्षण देते, परंतु रासायनिक बदल रोखू शकत नाही. मऊ व्हिनाइलच्या टायरांतील प्लास्टिक मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य कालांतराने बाहेर झिरपते आणि ज्या पॉलिस्टायरीनला टायर टेकलेला असेल ते वितळविते. म्हणून संग्राहक टायर काढून वेगळ्या पिशवीत ठेवतात. बांधून झालेल्या प्रतिकृतींत चाकाच्या तबकडीची कड याच कारणाने खराब झालेली दिसते.

जुन्या, पुन्हा न निघालेल्या संचांच्या बाबतीत मुलामा उतरविण्याचा निर्णय विशेष विचाराने घेतला जातो. संग्राहकांच्या बाजारात मूळ मुलामा शाबूत असलेल्या न जुळविलेल्या संचाला अधिक किंमत येते, आणि एकदा ब्लीचमध्ये गेलेला बंपर कोणत्याही उपायाने मूळ स्थितीत परत येत नाही. दुसऱ्या बाजूला, संग्राहकाच्या कपाटात पिवळी पडत चाललेली जाळी कोणी जुळविली नाही तरी तिचे लॅकर जुने होण्याचे थांबत नाही. काही जुळणीकार यावर मधला मार्ग काढतात. ते मूळ क्रोम भागांचे सिलिकॉनच्या साच्यात रेझिनचे नमुने ओततात, नमुन्यांवर नवी चकाकी चढवितात आणि मूळ चौकट तिच्या पिशवीत तशीच ठेवतात. लॅकरने आधीच बुजविलेले बारकावे मात्र अशा नमुन्यातही बुजलेलेच उतरतात.